इतिहास मित्सुबिशीचा, तक्रार आपल्या गाडीची

नाशिकच्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांच्या वडिलांकडे बरीच वर्षे मित्सुबिशीची लान्सर होती आणि तिने घरच्यांना कधी अडचणीत टाकले नाही. त्या विश्वासावर त्यांनी एकवीस महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका जपानी कंपनीची ऑटोमॅटिक गाडी १४ लाख ६० हजार रुपयांना, आपल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या नावावर, बँकेचे कर्ज काढून घेतली. चौथ्या महिन्यापासून गाडी चढावर गचके देऊ लागली आणि पुढे कसारा घाटात ती दोनदा भर रस्त्यात बंद पडली. सर्व्हिस सेंटरने दर वेळी सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी परत दिली. अलीकडे मात्र ‘हे मॉडेल असेच चालते’ आणि ‘गिअरबॉक्सचे ऑइल तुम्ही वेळेवर बदलले नाही’ अशी उत्तरे मिळत आहेत. त्याच मॉडेलच्या मालकांच्या व्हॉट्सॲप गटात अनेकांची हीच रड आहे. मित्सुबिशीने जपानमध्ये ग्राहकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे दडवल्याचे त्यांच्या वाचनात आले असून, हा इतिहास ग्राहक आयोगापुढे मांडून गाडीची पूर्ण किंमत परत मिळवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपला उद्वेग मी समजू शकतो; परंतु मित्सुबिशीचा इतिहास आपल्या तक्रारीत पुरावा म्हणून चालणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. एका कंपनीने केलेल्या लबाडीवरून दुसऱ्या कंपनीचा दोष सिद्ध होत नाही, आणि दोघींचा देश एक असणे हा तर मुद्दाच होऊ शकत नाही. आपली गाडी मित्सुबिशीची असती, तरीही वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या तिच्या ट्रकच्या दोषावरून (त्याविषयी पुढे) आजच्या गाडीतील दोषाचे अनुमान कोणत्याही आयोगाने काढले नसते. आपल्या गाडीच्या कंपनीचे नाव मी या उत्तरात घेतलेले नाही, कारण तिच्याविरुद्धचा आरोप अजून कोणी तपासलेला नाही.

तरीही तो इतिहास वाचनीय आहे, कारण अशा वादात कंपनीकडून कोणता बचाव येतो आणि तो कशामुळे ढासळतो, हे त्यातून दिसते. १९१७ साली ‘मॉडेल ए’ ही मोटार तयार करणाऱ्या आणि भारतात १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सच्या भागीदारीत लान्सर विकणाऱ्या या उद्योगसमूहाचे बिंग सन २००० मध्ये एका निनावी सूचनेमुळे फुटले. जपानच्या वाहतूक मंत्रालयाने तपासणी केली, तेव्हा सरकारला दाखवायच्या तक्रारी आणि दडवून ठेवायच्या तक्रारी असे दोन वेगळे गठ्ठे ठेवले जात असल्याचे उघड झाले. दडवलेली कागदपत्रे कर्मचाऱ्यांच्या लॉकरमध्येही सापडली. हा प्रकार १९७७ पासून चालू असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले आणि अध्यक्षांना पद सोडावे लागले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना जानेवारी २००२ मधील आहे. योकोहामा येथे मित्सुबिशीच्या अवजड ट्रकचे चाक निखळून रस्त्याने चाललेल्या एका तरुण आईचा मृत्यू झाला आणि तिची दोन मुले जखमी झाली. चाक ज्यावर बसते तो हब तुटला होता, आणि ट्रकमालकाने देखभाल नीट न केल्याने तो झिजला, असे कंपनीचे म्हणणे होते. या भूमिकेवर कंपनी दोन वर्षे ठाम राहिली. हब मुळातच कमकुवत असल्याची, म्हणजे दोष रचनेचा असल्याची कबुली ट्रक विभागाची स्वतंत्र झालेली कंपनी मित्सुबिशी फुसो हिने मार्च २००४ मध्ये दिली, आणि पुढे दोन माजी अधिकाऱ्यांची शिक्षा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. आपल्याला सांगितले गेलेले ‘ऑइल वेळेवर बदलले नाही’ हे कारण त्याच जातीचे आहे. ते खोटेच आहे असे मी म्हणत नाही. पण दोष ग्राहकाच्या गळ्यात घालण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग असल्यामुळे त्याचे उत्तर कागदावर तयार असले पाहिजे.

एप्रिल २०१६ मध्ये कंपनी पुन्हा अडचणीत आली, ती इंधनबचतीच्या खोट्या आकड्यांमुळे. सुमारे ६ लाख २५ हजार छोट्या गाड्यांचा हा मामला होता, आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या मित्सुबिशीने निस्सानसाठी बनवलेल्या होत्या. निस्सानच्या लोकांनी स्वतः मोजणी केली, आकडे जुळेनात, आणि तेथून सत्य बाहेर आले. त्या गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी १ लाख येन देण्याचे कंपनीने जाहीर केले. भरपाईचा हा मार्ग मोजलेल्या फरकामुळे मोकळा झाला, कंपनीच्या जुन्या पापांमुळे नव्हे. आपल्या प्रकरणातही असेच काही मोजून, तपासून घ्यावे लागेल.

आता आपल्या कायद्याकडे वळू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते आणि जिल्हा आयोगाची आर्थिक मर्यादा सध्या ५० लाख रुपये आहे. त्यामुळे आपल्याला नाशिकबाहेर जाण्याचे कारण नाही. मोबदल्याची, म्हणजे गाडीसाठी दिलेली, रक्कम १० ते २० लाखांच्या दरम्यान असल्याने शुल्क ४०० रुपये पडेल, आणि तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही भरता येईल.

पहिली हरकत येईल ती गाडी दुकानाच्या नावावर असल्याची. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नसतो, असे कायदा म्हणतो, आणि विरुद्ध बाजूचे वकील हा मुद्दा हमखास घेतात. मात्र नोंदणी कोणाच्या नावावर आहे यापेक्षा गाडीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी होतो, हे पाहिले जाते. कंपनीच्या नावावर पण संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार केवळ त्या कारणाने व्यापारी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर इंडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. (याच डेमलर क्रायस्लर समूहाने सन २००० मध्ये मित्सुबिशीत मोठा हिस्सा घेतला होता, कायद्याशी याचा संबंध नाही, पण योगायोग नोंदवावासा वाटला.) आपली गाडी मालाची ने-आण करत नसेल आणि घर-दुकान-प्रवास एवढाच तिचा वापर असेल, तर तसे तक्रारीत आणि शपथपत्रात स्पष्ट लिहा. दुकानाच्या मालाच्या पावत्यांवर मात्र याच गाडीचा क्रमांक टाकलेला निघाला, तर हे म्हणणे टिकणार नाही. म्हणून जुनी कागदपत्रे आधी पाहून घ्या.

दुसरी बाब मुदतीची. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. आपल्या प्रकरणात ही मुदत पहिल्या बिघाडापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येईल आणि तो बहुधा मान्यही होईल, पण विरुद्ध बाजू ती गाडी ताब्यात मिळाल्यापासून मोजू पाहील. म्हणून येत्या तीन महिन्यांतच तक्रार दाखल करा. सर्व्हिस सेंटरशी चाललेल्या ईमेलच्या देवाणघेवाणीने मुदत वाढत नाही. विलंब माफ करून घेण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते आणि ‘कंपनी आज-उद्या करत होती’ हे कारण दर वेळी पुरत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी बाब पुराव्याची. प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेला कागद) आपल्याकडे आहे का, आणि त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहिली आहे का, हे आज पाहा. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेल्या जॉब कार्डाचा कंपनीलाच उपयोग होतो. यापुढे ‘चढावर गचके, वेग पडतो, घाटात इंजिन बंद पडले’ असे लिहून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका. कोणते सॉफ्टवेअर कधी बदलले, स्कॅनरवर कोणते फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे संकेत) आले, याची लेखी मागणी ईमेलने करा. माहिती नाकारली, तर तो नकारही उपयोगी पडतो. ऑइलच्या मुद्द्यावर गाडीसोबत मिळालेले मालकासाठीचे माहितीपुस्तक उघडा आणि गिअरबॉक्सचे ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायला सांगितले आहे ते पाहा. ती वेळ अजून आलेलीच नसेल, तर कंपनीच्या बचावाला तिच्याच पुस्तकाने उत्तर मिळेल. ती वेळ उलटून गेली असेल, तर मात्र मला ते आधी कळायला हवे.

दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा नसला, तर आयोग कलम ३८ खाली गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याचे शुल्क बहुधा आपल्यालाच आधी भरावे लागेल. तक्रारीसोबतच तसा अर्ज द्या आणि पुण्याची एआरएआय (वाहनांची चाचणी करणारी संस्था) किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग, अशी नावे सुचवा. तज्ज्ञांच्या अहवालाशिवाय गिअरबॉक्सचा उत्पादनदोष सिद्ध करणे अवघड जाते. एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईच्या एका प्रकरणात, धडकेत एअरबॅग न उघडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला आणि ग्राहकाने धडकेच्या वेगाचे व बलाचे गणित मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे म्हटले. तो निर्णय आपण जरूर दाखवू; मात्र न उघडलेली एअरबॅग आणि गचके देणारा गिअरबॉक्स यांत फरक आहे, हे विसरून चालणार नाही.

आता पूर्ण किंमत परत मिळण्याविषयी. मारुती उद्योगच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या अटींवर बोट ठेवून सदोष भाग बदलून देणे पुरेसे मानले आणि संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला. त्यामुळे आपली मुख्य मागणी किंमत परतीची किंवा नवी गाडी देण्याची असली, तरी पर्यायी मागणी म्हणून नवा गिअरबॉक्स, त्यावर वाढीव वॉरंटी आणि मनस्तापाची व गाडी वापरता न आल्याची भरपाई यांचाही उल्लेख करावा. मला विचाराल तर ही पर्यायी मागणी मंजूर होण्याची शक्यता अधिक आहे, आणि तेही थोडे नाही.

नव्या कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादकावरील जबाबदारी, या प्रकरणाचाही आपण पत्रात उल्लेख केला आहे. तो मार्ग आपल्याला फारसा उपयोगी नाही, कारण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. घाटात अपघात होऊन कोणी जखमी झाले असते, तर तो मार्ग खुला झाला असता. आज आपली तक्रार सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी यांचीच राहील.

विरुद्ध पक्ष म्हणून कंपनीची भारतातील शाखा-कंपनी आणि डीलर, दोघांनाही घाला. जपानमधील मूळ कंपनीला ओढण्याने फक्त वेळ जाईल. दोघांवरचे आरोप मात्र वेगळे मांडा. गोव्यातील एका ग्राहकाला डीलरने जुनी गाडी नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळे केले, कारण डीलरच्या त्या स्वतंत्र कृत्यात उत्पादकाचा सहभाग दाखवला गेला नव्हता. उत्पादनदोष कंपनीचा आणि चुकीची, टाळाटाळीची दुरुस्ती डीलरची, ही विभागणी आपल्या तक्रारीत पहिल्या परिच्छेदापासून दिसली पाहिजे.

व्हॉट्सॲप गटातील संदेश जसेच्या तसे जोडून फार काही साधणार नाही. त्या मालकांपैकी तीन-चार जण शपथपत्र आणि आपापली जॉब कार्डे देण्यास तयार असतील, तर त्यांना वजन आहे. कलम ३५ नुसार समान हित असलेल्या ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. परंतु प्रत्येकाची गाडी, किलोमीटर आणि दुरुस्ती वेगळी असल्याने ती परवानगी मिळवण्यातच आपली मुदत संपायची. आपण स्वतंत्र तक्रार करावी आणि त्यांना साक्षीदार करावे. घाटात गाडी बंद पडणे हा सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली, सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत सक्तीच्या रिकॉलसाठी (सदोष गाड्या कंपनीने परत बोलावण्यासाठी) केंद्राच्या वाहन पोर्टलवर दोष नोंदवण्याची जी सोय आहे, ती मात्र गटातील प्रत्येकाने वापरावी. तेथे तक्रारींची संख्या मोजली जाते. गटाबाहेर, जाहीर ठिकाणी कंपनीला ‘चोर’ वगैरे लिहिणे थांबवा. आपली तक्रार खरी असली, तरी अशा शब्दांवरून बदनामीची नोटीस येऊ शकते आणि मग आपण मूळ वाद सोडून तिचे उत्तर देत बसाल.

कर्जाचे हप्ते कोणत्याही परिस्थितीत थांबवू नका, कारण बँकेचा या वादाशी संबंध नाही आणि थकबाकीपोटी गाडी जप्त झाली, तर तपासायला वस्तूच उरणार नाही. त्याच कारणाने निकाल लागेपर्यंत गाडी विकू नका आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडू देऊ नका. या आठवड्यात कंपनी आणि डीलर दोघांना स्पीड पोस्टाने व ईमेलने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. तीत पहिल्या बिघाडापासूनच्या सर्व भेटींच्या तारखा आणि किलोमीटर द्या, आणि देखभालीतील चूक नेमकी कोणती, माहितीपुस्तकाच्या कोणत्या पानावरील सूचना मोडली गेली, हे लेखी कळवण्यास सांगा.