शेकोटी नसताना घरातल्या पार्टीत मार्शमेलो कसे भाजायचे?

तुम्ही विचारलंय की थंडीच्या सुट्टीत घरी पंधरा-वीस जणांची पार्टी आहे, मुलंही आहेत, बाहेर शेकोटी करायला जागा नाही, मग मार्शमेलो गॅसवर भाजले तर चालतील का. दोन-चार जण असाल तर चालतील, लांब सळईला टोचून बारीक आचेच्या वर थोडं अंतर ठेवून फिरवत राहायचं. पण पंधरा-वीस जणांना नाही हो, एकेक भाजत तुम्ही सगळा वेळ ओट्यापाशीच अडकणार, वितळलेला थेंब बर्नरवर पडला की जळून भोकं बुजतात, आणि मुलं ज्योतीभोवती गर्दी करतात ते वेगळंच. कोळशाची शेगडी तर खोलीत आणायचीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतच नाही काही. सेंटेड मेणबत्तीवरही भाजू नका, काजळी आणि वास दोन्ही खाण्यात उतरतात.

माझं मत विचाराल तर सरळ ओव्हन किंवा ओटीजी वापरा आणि एक मोठं चॉकलेट-मार्शमेलो डिप करा, पार्टीला याच्यासारखं दुसरं काही नाही, सगळे एकाच पॅनभोवती बसून बिस्किटं बुडवून खातात. साधारण 20-25 सेंमीचा लोखंडी पॅन घ्या (कास्ट आयर्न असेल तर उत्तम, खूप वेळ गरम राहतो), त्यात 100 मिली क्रीम मंद आचेवर गरम करा, गॅस बंद करून 250 ग्रॅम बारीक चिरलेलं चॉकलेट टाका, जरा थांबून हलवा. नुसतं चॉकलेट घातलं तर गार झाल्यावर घट्ट बसतं, क्रीममुळे मऊ राहतं म्हणून ते टाळू नका. वर मार्शमेलो एकमेकांना चिकटून उभे लावायचे, चॉकलेट दिसता कामा नये, आणि 230 डिग्रीला आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 5 ते 7 मिनिटं.

इथे 150 डिग्रीवर निवांत ठेवायचा मोह होतो, तो करू नका. मार्शमेलो म्हणजे साखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन आणि भरपूर हवा. जिलेटिन साधारण 35 डिग्रीच्या आसपासच वितळायला लागतं, पण साखर करपून तो तपकिरी रंग यायला 160 डिग्रीच्या वर जावं लागतं, म्हणजे मंद आचेवर आतलं सगळं वितळून पसरतं आणि वरून पांढरंफटकच राहतं. आच तेज हवी, वरून हवी आणि थोडाच वेळ हवी. मायक्रोवेव्हमध्ये पण म्हणूनच जमत नाही, आतली हवा तापून फुगा होतो, रंग काही येत नाही आणि गार झाल्यावर चिवट लागतं.

रंग कमी वाटला तर शेवटी फक्त वरची कॉइल लावून अर्धा-एक मिनिट, पण तेव्हा दारासमोरून हलायचं नाही, फोन आला तरी नाही, सोनेरीचा काळा व्हायला काही सेकंद पुरतात. मार्शमेलो फुगतात त्यामुळे कॉइलपासून लांब, मधल्या रॅकवर ठेवा. कॉइलखाली बटर पेपर वापरू नका, पेटू शकतो. काचेचं भांडंही नको, तडकतं. एअर फ्रायर असेल तर मार्शमेलो हलके असल्यामुळे पंख्याच्या हवेने उडून कॉइलला चिकटतात, तेव्हा बिस्किटावर ठेवून टूथपिकने टोचा आणि खाताना ती काढायला सांगा.

आदल्या दिवशी काहीतरी करून ठेवायचं असेल तर क्रिस्पी बार. 280 ग्रॅम मार्शमेलो बटर लावलेल्या ट्रेवर वरच्या कॉइलखाली छान भाजून घ्या, मग 3 टेबलस्पून वितळलेल्या बटरमध्ये ढवळून 6 कप राईस क्रिस्पी (फुगवलेल्या तांदळाचं कुरकुरीत सीरियल) मिसळा, बटरच्या हाताने ट्रेमध्ये हलकेच पसरा. दाबून बसवलं की दगड होतात. भाजलेल्या मार्शमेलोचा जो खमंग वास आहे ना, तो या बारमध्ये दुसऱ्या दिवशीही टिकतो, मला तर डिपपेक्षा हेच जास्त आवडतं.

पाहुण्यांमध्ये शाकाहारी असतील तर पाकीट नक्की वाचा, जिलेटिन प्राण्यांपासून येतं. बिनजिलेटिनचे मिळतात, पण सगळे सारखे वितळत नाहीत, एक-दोन आधी भाजून बघा. मुलांना ओव्हनमधून काढल्या काढल्या देऊ नका, वरून गार वाटलं तरी आतली साखर चटका देते आणि चिकटून बसते, 5 मिनिटं तरी थांबा. चार वर्षांखालच्यांना अख्खा मार्शमेलो नकोच, घशात अडकतो.

आणि नंतर ट्रे घासत बसू नका, गरम पाणी घालून ठेवा, साखर आणि जिलेटिन दोन्ही आपोआप सुटतात. फक्त लोखंडी पॅन पाण्यात पडू देऊ नका, गरम पाण्याने लगेच धुवून पुसून तेलाचा हात फिरवा.