मुलाला मालगाडीची कपलिंगं दुरुस्त करायची आहेत

पत्र : मुलगा भुसावळला आयटीआयमध्ये फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आमच्या फाटकाजवळ मालगाडी मधूनच तुटली. माणसं ती जोडेपर्यंत हा दोन तास तिथेच उभा. तेव्हापासून म्हणतो, हेच काम करणार. त्याचे वडील म्हणतात, ही हमाली आहे, त्यापेक्षा डिप्लोमा कर. काय करावं?
– एक आई

ताई, नमस्कार.

फाटक बंद असलं की आपण गाडी कधी हलते याची वाट बघतो. तुमचा मुलगा ती कशी हलवतात हे बघत राहिला. मला ते फार मोलाचं वाटतं.

त्याने पाहिलं ते बहुधा नकल बदलणं असावं. दोन वॅगनींमधलं कपलिंग म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या दोन मुठी. त्या मुठीची वळलेली बोटं म्हणजे नकल, वजनाला पस्तीस-चाळीस किलोंच्या घरात. जास्त हिसका बसला तर आधी नकलच तुटावा अशी रचना असते, कारण तो रुळावर उभ्याउभ्या बदलता येतो. कपलिंगला वॅगनशी जोडून ठेवणारा आतला योक गेला तर ती वॅगन गाडीपासून सोडवून सिक लाइनलाच, म्हणजे नादुरुस्त वॅगनी दुरुस्त करतात त्या रुळावर, न्यावी लागते. गाडी तुटली की हवेचे होज, म्हणजे वॅगनींना जोडणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळ्या, सुटतात, ब्रेक पाइप रिकामा होतो आणि दोन्ही तुकड्यांना आपोआप ब्रेक लागतात. मग पिन अडकवून ठेवणारा कॉटर काढायचा, पिन उपसायची, तुटका नकल बाहेर घ्यायचा, लॉक नीट आहे का पाहायचा, नवा नकल बसवायचा. होज जोडून, हवा भरून ब्रेक लागतात-सुटतात याची खात्री झाली की मगच गाडी निघते.

आता हमालीबद्दल. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन एका सिक लाइनवर गेले होते. तिथल्या जुन्या फिटरदादांनी एक तुटका नकल मुलांपुढे ठेवला आणि विचारलं, “हा कधी तुटला?” मुलं म्हणाली, काल. दादांनी तुटलेली बाजू उजेडाकडे फिरवली. एका कोपऱ्यात नखाएवढा भाग काळपट, गंजलेला होता, बाकी सगळं ताज्या दाणेदार लोखंडासारखं चमकत होतं. “काल हा चमकता भाग तुटला. काळा भाग कधीचाच तुटलेला होता. कुणाला तरी तो दिसायला हवा होता.” हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. नकल उचलायला ताकद लागते, पण पगार खरा मिळतो तो ती चीर आधी दिसण्याचा. दोन तास एका जागी उभं राहून बघणाऱ्या मुलाकडे ती नजर असू शकते.

वडिलांची काळजी मात्र खोटी नाही. रात्रपाळी असते, भुसावळच्या मे महिन्यात रुळांजवळ उभं राहवत नाही, आणि दोन वॅगनींच्या मध्ये शिरणं धोक्याचंच. लाल झेंडा लावल्याशिवाय, गाडी हलणार नाही याची खात्री झाल्याशिवाय आत जायचं नाही, हा नियम ज्याला जाच वाटतो त्याने या कामात येऊच नये. तुमचा मुलगा घाईचा आहे की सावध, हे तुम्हालाच माहीत.

आयटीआय झाल्यावर त्याने आधी अप्रेंटिसशिप करावी, असं मला वाटतं. मध्य रेल्वेची भरती निघते त्यात भुसावळही असतं. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. वयाची अट साधारण 15 ते 24 आहे, म्हणून वेळ दवडू नका. यातून नोकरी हमखास मिळत नाही, पण लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात. त्याचं लक्ष्य मात्र टेक्निशियन ग्रेड 3 असावं : लेव्हल 2, मूळ पगार 19,900. 2024 च्या भरतीत शंभर प्रश्नांपैकी 40 सामान्य विज्ञानाचे होते, म्हणजे दहावीची विज्ञानाची पुस्तकं पुन्हा काढायला हवीत. पेपर मराठीतूनही देता येतो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, त्यामुळे अंदाजाने ठोकू नये.

अभ्यासाला बसण्याआधी डोळे तपासा, रंग ओळखण्यासकट. लेखी परीक्षा पास होऊन मेडिकलला बाद झालेली मुलं माझ्याकडे रडत आली आहेत, आणि तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. जाहिरातीत प्रत्येक पदासमोर वैद्यकीय दर्जा दिलेला असतो, तो नीट वाचा. आणि ‘रेल्वेत सेटिंग आहे’ म्हणणारा कुणी दारात आला तर, हात जोडून सांगते, एक रुपयाही देऊ नका.

डिप्लोमाचं दार यामुळे बंद होत नाही. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमावर ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा देता येते. तिथे मूळ पगार 35,400 आहे. पण हाताने कपलिंग खोललेला मुलगा डिप्लोमाला बसला तर त्याला वर्गातलं निम्मं आधीच कळलेलं असेल. म्हणून आधी अप्रेंटिसशिप, मग डिप्लोमा. त्याचे वडील या क्रमाला तयार होतात का, ते विचारून पाहा.

आणि एक काम मुलाला सांगा. फाटकाजवळ जे पाहिलं ते वहीत काढायला लावा : पिन कुठून आत गेली, नकल कुठल्या बाजूला वळतो, आधी काय काढलं, शेवटी काय लावलं. चित्र माझ्याकडे पाठवा. मी ते त्या फिटरदादांना दाखवणार आहे.