योजनेतून मुलं कुठे गळतात ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल सावकाश वाचला. वंचित तरुणांच्या शिक्षणाची आणि रोजगाराची एकत्रित योजना आखायचं काम इतक्या लवकर तुझ्याकडे आलं, याचा मनापासून आनंद झाला. मेहनत पानोपानी दिसते. शिष्यवृत्ती आहे, कौशल्य प्रशिक्षण आहे, नोकरी देणाऱ्यांना अनुदान आहे, पात्रतेचे निकषही काटेकोर आहेत. पण अर्जाच्या दिवसापासून पहिल्या पगारापर्यंत या मुलांचं रोजचं काय होणार, हे मला त्यात सापडलं नाही. तरतुदी सुट्या सुट्या उभ्या आहेत. एकीकडून दुसरीकडे जाताना मुलं गळतात आणि ती गळती कुठल्याच खात्याच्या हिशेबात येत नाही. माझं सगळं म्हणणं याच गळतीबद्दल आहे.

अर्जापासून सुरुवात कर. तू जनजागृतीवर बराच खर्च धरला आहेस. योजना माहीत नाही म्हणून मुलं येत नाहीत, हे त्यामागचं गृहीत. अमेरिकेत २००८ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच तपासलं. कमी उत्पन्नाची कुटुंबं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून घ्यायला ज्या कार्यालयांत येत, तिथेच काहींचा कॉलेजच्या सरकारी अर्थसाहाय्याचा अर्जही भरून दिला. उत्पन्नाचे आकडे समोर होतेच, त्यामुळे काम काही मिनिटांत झालं. दुसऱ्या गटाला किती मदत मिळू शकेल एवढंच सांगितलं आणि अर्ज त्यांच्यावर सोडला. ज्यांना अर्ज भरून मिळाला त्या घरांतल्या, शाळा संपवत असलेल्या मुलांमध्ये कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांत फरक पडला नाही. तेव्हा जागृतीसाठी ठेवलेला निम्मा पैसा अर्ज भरून देणाऱ्या माणसांवर लाव. सरकारच्या एका खात्याकडे असलेला दाखला दुसऱ्या खात्याने पुन्हा मुलाकडून मागायचा नाही, असा नियमही मसुद्यात स्पष्ट लिही. एका दाखल्यापायी आईची नाहीतर वडिलांची दिवसाची मजुरी बुडते. हातावर पोट असलेल्या घरात तो तोटा आधी मोजला जातो, मिळणारी मदत नंतर.

हाच हिशेब शिष्यवृत्तीलाही लागू आहे. तू सगळ्या इयत्तांना एकच रक्कम ठेवली आहेस. फी माफ केली तरी मूल शाळेत जातं तेव्हा घराला त्याची कमाई सोडावी लागते, आणि वय वाढेल तशी ही सोडलेली कमाई वाढते. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी योजना सुरू केली तेव्हा हे ओळखून रक्कम इयत्तेबरोबर चढती ठेवली. माध्यमिकमध्ये मुलींना मुलांपेक्षा जास्त दिली, कारण शाळा सोडण्याचा धोका तिथे मुलींना अधिक होता. पैसे दर दोन महिन्यांनी, आणि बहुतेक घरांत आईच्या हाती. सुरुवातीलाच ५०६ गावं निवडून त्यांतल्या काहींत योजना आधी आणि काहींत नंतर नेली, त्यामुळे परिणाम स्वच्छ मोजता आला. पटनोंदणीत सर्वांत जास्त वाढ प्राथमिक संपवून माध्यमिकला जाण्याच्या टप्प्यावर दिसली. म्हणजे गळती जिथे होती, पैसा तिथेच उपयोगी पडला. तुझ्या योजनेत असा टप्पा कोणता आहे ते आकडे काढून बघ आणि रक्कम तिथे वाढव. वाटप सत्राच्या सुरुवातीलाच झालं पाहिजे, याबाबत कुणाशी तडजोड करू नकोस. सत्र संपताना आलेली शिष्यवृत्ती कर्ज फेडायला जाते. तोवर ज्याला कर्जही मिळालं नाही, ते मूल शाळेबाहेर गेलेलं असतं.

काही वेळा अडचण पैशाची नसतेच, अंतराची असते. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घ्यायला पैसे दिले. पुढे शेजारच्या झारखंडशी तुलना करून झालेल्या अभ्यासात माध्यमिकमधल्या मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा परिणाम ठळक होता. आपल्याकडे शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. २६ जुलै १९०२ चा करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे त्यांनी कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहं आणि १९१७ मध्ये सक्तीचं व मोफत केलेलं प्राथमिक शिक्षण मात्र कुणी त्या हुकुमाशी जोडून वाचत नाही. राखीव जागा भरायला शिकलेली माणसं हवीत आणि खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात राहायची सोय हवी, हे सगळं त्यांनी एका धाग्यात पाहिलं. तुझ्या मसुद्यात वसतिगृहाचा उल्लेख एका ओळीत आला आहे. मला तिथे स्वतंत्र प्रकरण हवं.

आता रोजगाराकडे येते. माझी खरी काळजी तिथे आहे. प्रशिक्षण संपलं की रोजगार मेळावा, एवढ्यावर तू थांबतोस. मेळावा कधी भरेल, तोवर मुलाने काय करायचं? युरोपीय संघाने २०१३ मध्ये युवा हमी आणली, तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिने मुदत घातली. शिक्षण संपल्यापासून किंवा काम सुटल्यापासून चार महिन्यांत २५ वर्षांखालच्या तरुणासमोर नोकरी, पुढचं शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा कामाचा सराव यांपैकी एक पर्याय ठेवायचा. २०२० मध्ये वयाची मर्यादा ३० पर्यंत नेली. सगळ्या देशांना ती मुदत पाळता आली असं नाही, पण मुदत ठरलेली असली की कुठे चुकलं हे तरी दिसतं. तूही घाल, आणि ती कोणत्या अधिकाऱ्याने पाळायची तेही लिही.

प्रशिक्षणाचा अर्धा भाग प्रत्यक्ष कामाच्या जागी हलव. कोलंबियात २००१ ते २००५ दरम्यान गरीब शहरी तरुणांसाठी चाललेल्या कार्यक्रमात तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत काम अशी रचना होती. या काळात रोजचा भत्ता मिळे, आणि सात वर्षांखालचं मूल असलेल्या स्त्रियांना तो जास्त मिळे, मुलाला कुणाकडे तरी ठेवता यावं म्हणून. शेवटच्या, २००५ च्या तुकडीची निवड सोडत काढून झाली होती, त्यामुळे तुलना विश्वासाची आहे. प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली. तुझ्या मसुद्यात पाळणाघर किंवा असा भत्ता कुठेच नाही. लहान मूल असलेली वीस वर्षांची मुलगी तुझ्या वर्गात बसणार कशी?

नोकरी देणाऱ्यांच्या अनुदानाबद्दल मात्र सावध राहा. अमेरिकेत डेटन शहरात १९८० च्या सुमारास गरीब बेरोजगारांना एक पत्र दिलं होतं. मालकाला ते दाखवायचं आणि मालकाला पगाराचा काही भाग सरकारकडून मिळणार. पत्र असलेल्यांना पत्र नसलेल्यांपेक्षा कमी नोकऱ्या मिळाल्या. ज्याला कामावर घ्यायला सरकार पैसे देतं त्याच्यात काहीतरी उणं असणार, असं मालकांना वाटलं असावं. तू उमेदवाराच्या हातात लाभार्थी कार्ड देतो आहेस, ते काढून टाक. अनुदान द्यायचंच तर ते कंपनी आणि शासन यांच्यातल्या व्यवहारात राहू दे, मुलाच्या कपाळावर शिक्का नको.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा शेवटचा तक्ता बदलून पाठव. ‘प्रशिक्षित युवकांची संख्या’ या रकान्यातून मला काहीच कळत नाही. पात्र किती, अर्ज केलेले किती, पैसे वेळेवर मिळालेले किती, शिक्षण किंवा प्रशिक्षण पूर्ण केलेले किती, मुदतीत कामाला लागलेले किती आणि वर्षभराने कामावर टिकलेले किती, असे रकाने कर. मुली आणि मुलं वेगळी मोज. मधेच सोडून गेलेल्यांना शोधून, घरी जाऊन बोलण्यासाठी छोटी स्वतंत्र तरतूद ठेव. वित्त विभाग आधी त्याच ओळीवर काट मारायला बघेल, तिथे मागे हटू नकोस. बैठकीच्या आधी ये, आकडे आपण बसून तपासू.

सस्नेह