इम्युनोथेरपी चालूय, पाठ धरली, हाडांचं काय?

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे, आधी यंत्रमागावर होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध चालूय, मधे जुलाब लागले म्हणून स्टेरॉइड दिलं. परवा पाण्याची कळशी उचलली आणि पाठीत चमक भरली ती अजून गेली नाही. औषधानं हाडं ठिसूळ होतात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: होऊ शकतात ताई. हे इम्युनोथेरपीचं औषध टी-पेशींचा (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) ब्रेक काढतं, त्या चेकाळल्या की रँक-एल नावाचं प्रथिन वाढू शकतं आणि हाड खाणाऱ्या पेशींना जोर येतो. अशा पेशंटमधे मणके दबल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, पण नेमका धोका किती यावर अभ्यास चालूय, त्यामुळं घाबरून औषध बंद करू नका. मला तर त्या स्टेरॉइडचीच जास्त काळजी वाटते, रोज २.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनसुद्धा ३ महिने चाललं तर हाडांकडं बघावंच लागतं.

पाठदुखी मात्र वयावर ढकलू नका, मणका दबलेला असू शकतो नाहीतर कॅन्सर तिथं पोचलेला, म्हणून या आठवड्यातच कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून एक्स-रे किंवा एमआरआय करा. पायातलं बळ गेलं, लघवी अडली तर त्याच दिवशी पळा. नंतर डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि व्हिटॅमिन डीची तपासणी. (सोलापूरचं ऊन असून डी कमी निघतं, कारण उन्हाला भिऊन सगळे घरातच!) हाडांची झीज रोखणारं झोलेड्रोनिक ॲसिड द्यायचं ठरलं तर आधी दात दाखवा, किडनी तपासा. शेंगाचटणी खाऊ द्या, पण कॅल्शियमसाठी नाचणी, दूध, तीळ. आणि कळशी तुम्ही उचला.