पडद्यावरचं पिस्तूल नेमकं कोणतं? अ‍ॅनिमेशनपटांतल्या शस्त्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अ‍ॅनिमेशनपटात खरी बंदूक नसते आणि नकलीही नसते, सगळं काढलेलं असतं. मग ‘हे अमुक मॉडेल’ असं ठामपणे कसं म्हणता येतं?

उत्तर : काही वेळा येतं, काही वेळा अजिबात येत नाही. माणसांना घेऊन चित्रित केलेल्या सिनेमात नटाच्या हातात एक वस्तू असते. ती रबराची प्रतिकृती असेल, नाहीतर बिनगोळीचं काडतूस उडवणारं शस्त्र असेल, पण ती कुठेतरी बनलेली असते. अ‍ॅनिमेशनमध्ये तिच्या जागी असतो एक तक्ता. त्यावर शस्त्र बाजूने, समोरून आणि मागून काढलेलं असतं आणि सगळे चित्रकार तो तक्ता समोर ठेवून काम करतात. तेव्हा आपण शोधायचा तो तक्त्यामागचा नमुना.

मी नोंद करताना तीनच शेरे वापरतो : ‘तेच’, ‘त्यावर बेतलेलं’ आणि ‘काल्पनिक’. नुसता बाह्याकार जुळला म्हणून ‘तेच’ लिहीत नाही. त्यासाठी यंत्रणेच्या किमान दोन खुणा दिसायला हव्यात : सिलिंडर (रिव्हॉल्व्हरचा गोळ्या भरायचा फिरता भाग) कसा उघडतो, घोडा (काडतुसावर आघात करणारी मागची हातोडी) बाहेर आहे की आत, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) कुठे बसतं अशा. आणि कृपा करून पोस्टरवरून ओळखू नका. पोस्टर बहुतेकदा वेगळाच चित्रकार काढतो. धावपळीच्या दृश्यातली मधली चित्रंही टाळा. दोन मुख्य चित्रांमधली ही भरणी गतीसाठी मुद्दाम ताणलेली असते, तिथे नळीची लांबीसुद्धा भरवशाची नसते. शस्त्र जवळ आहे आणि स्थिर आहे, अशी फ्रेम शोधा.

प्रश्न : ‘लुपिन तिसरा’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या जिगेनचं रिव्हॉल्व्हर आणि तशाच ‘सिटी हंटर’मधल्या र्‍यो साएबाचं रिव्हॉल्व्हर मला सारखंच वाटतं. दोन्ही एकच आहेत का?

उत्तर : नाहीत, आणि हा प्रश्न मला फार आवडला, कारण या दोन शस्त्रांवर ओळखण्याची जवळजवळ सगळी कला शिकता येते. जिगेनचं आहे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ आणि र्‍योचं कोल्ट पायथन. दोन्ही बाजारात आली १९५५ साली (मॉडेल १९ तेव्हा ‘कॉम्बॅट मॅग्नम’ नावाने विकलं जाई), दोन्ही सहा गोळ्यांची, दोन्ही पॉइंट ३५७ मॅग्नम काडतुसाची. गोंधळ होणारच.

आधी नळी पाहा. पायथनच्या नळीवर एक पट्टी धावते आणि त्या पट्टीखाली लांबट खिडक्या असतात. नळीच्या खालचा जाड भाग थेट तोंडापर्यंत जातो, त्यामुळे पुढचा भाग भरीव, जड दिसतो. मॉडेल १९ च्या वरच्या पट्टीला खिडक्या नाहीत. खालचा जाड भाग रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्यापुरताच, आणि त्यापुढे नळी मोकळी. चित्रकाराने रेषा कितीही वाचवल्या तरी ही मोकळी नळी तो सहसा गाळत नाही, कारण तिच्यामुळेच आकृती बदलते.

मग गोळ्या भरण्याचं दृश्य शोधा. सिलिंडर उघडताना डाव्या बाजूची कळ अंगठ्याने मागे ओढली तर कोल्ट, पुढे ढकलली तर स्मिथ अँड वेसन. चाप ओढताना सिलिंडर कुठे वळतो तेही पाहा. धरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर कोल्टचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो, स्मिथ अँड वेसनचा उलट. मात्र अशा वेळी सिनेमात नळी बऱ्याचदा प्रेक्षकाकडे रोखलेली असते. तिथे दिशा उलटी वाचायची, नाहीतर बरोबर काढलेलं चित्र चूक ठरवून मोकळे व्हाल.

प्रश्न : एका दृश्यात जर्मन वाटणाऱ्या पिस्तुलातून पुंगळ्या डावीकडे उडताना दिसल्या. चित्र उलटं छापलं गेलं असेल का?

उत्तर : कोणतं पिस्तूल ते आधी ठरवा. बहुतेक पिस्तुलांतून पुंगळी उजवीकडे पडते, हे खरं. पण वॉल्थर पी-३८ मधून ती डावीकडेच पडते, त्याची रचनाच तशी आहे. हे ‘लुपिन तिसरा’च्या नायकाचं, लुपिनचं, लाडकं पिस्तूल. त्याच्या चित्रात पुंगळी डावीकडे गेली तर चित्रकाराला शाबासकीच द्यायला हवी.

बारीक उघडी नळी बघून पी-३८ ला लुगर हे दुसरं जर्मन पिस्तूल समजणारेही पुष्कळ. लुगरमध्ये गोळी सुटल्यावर मागची सांध्याची कडी गुडघ्यासारखी वर दुमडते आणि घोडा बाहेर दिसत नाही. पी-३८ ची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, सरळ मागे सरकते आणि घोडा बाहेर असतो.

चित्र खरोखर उलटं केलंय का, हे शस्त्राबाहेरच्या गोष्टींवरून तपासा : पात्राच्या केसांचा भांग, सदऱ्याची बटणं, मागच्या पाट्यांवरची अक्षरं.

प्रश्न : मशिनगनच्या तोंडाशी दिसणारे जाळ मोजून तिचा वेग काढता येतो का? त्यावरून मॉडेल कळेल?

उत्तर : नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका चित्रात जाळ, पुढच्यात नाही, असं धरलं तर सेकंदाला ६ बार होतात, मिनिटाला ३६०. दर फ्रेमला नवं चित्र काढलं तरी ७२० च्या पुढे जाता येत नाही. आणि एमजी-४२ ही जर्मन मशिनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडते, सेकंदाला २०! इतके बार एकेक करून २४ फ्रेममध्ये बसतच नाहीत. मग चित्रकार जाळ विझू देत नाहीत, फक्त दर चित्रात त्याचा आकार बदलतात.

ही मशिनगन पाहायची तर ‘जिन-रोह’ (१९९९) बघा. त्यातला इतिहास कल्पित आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर जपान जर्मनीच्या ताब्यात गेलेला आहे. म्हणून चिलखती पोलिसांच्या हातात जर्मन शस्त्रं, म्हणजे शस्त्रांची निवडच कथेची पार्श्वभूमी सांगते. ओळखायची खूण नळीवरच्या जाळीत आहे : तिच्या आधीच्या एमजी-३४ च्या जाळीला गोल भोकं, एमजी-४२ ला लांबट.

प्रश्न : जपानमध्ये बंदूक बाळगणं इतकं कठीण, तरी तिथले चित्रकार शस्त्रं इतकी अचूक कशी काढतात?

उत्तर : नकली शस्त्रांमुळे. तिथे हुबेहूब प्रतिकृती बनवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. त्या इतक्या खऱ्या दिसत की १९७१ साली कायदा बदलून धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद करणं आणि रंग पांढरा किंवा पिवळा ठेवणं बंधनकारक करावं लागलं. या प्रतिकृतींची स्लाइड मागे येते, मॅगझिन निघतं, काहींचे सुटे भागही वेगळे होतात. ती चित्रकाराच्या हातात असते, म्हणून यंत्रणा नेमकी उतरते. मात्र प्रतिकृती खांद्याला धक्का देत नाही. माझ्या मते म्हणूनच कळ, खाच, स्क्रू अचूक असलेल्या दृश्यांतही धक्का कधी अगदी मिळमिळीत, कधी भलताच जोरदार असतो.

प्रश्न : ‘प्रिन्सेस मोनोनोके’मधल्या बंदुका तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने बार उडवायच्या, आहेत ना?

उत्तर : जपानी तोड्याची बंदूक म्हटलं की तानेगाशिमा आठवते, पण ती पोर्तुगीजांमार्फत १५४३ साली आलेली. चित्रपटात आहे ती त्याहून जुन्या धाटणीची इशिबिया, म्हणजे हातात धरायची छोटी तोफच. चित्रपटातल्या एबोशीबाईंना मिंग राजवटीतल्या चीनची इशिबिया जड वाटते, म्हणून त्या आपल्या कारागिरांकडून बायकांना पेलेल अशी हलकी बनवून घेतात. तेव्हा ‘त्यावर बेतलेलं’ हाच शेरा योग्य.

प्रश्न : ‘घोस्ट इन द शेल’ (१९९५) मधली शस्त्रं कुठल्याच यादीत सापडत नाहीत. काय लिहू?

उत्तर : ‘सेबुरो’ नाव दिसलं की ‘काल्पनिक’ लिहा. ही कंपनी मूळ चित्रकथाकार मासामुने शिरो यांनी कल्पिलेली आहे. जवळात जवळचं खरं मॉडेल शोधून चिकटवण्याचा मोह आवरा, त्याने नोंद बिघडते. पण त्याच चित्रपटातलं तोगुसा हे पात्र रिव्हॉल्व्हर वापरतं, ते वेगळं काढा. ते मातेबा आहे, संवादातच नाव येतं, आणि ही इटलीतली खरीखुरी कंपनी. खूणही पक्की आहे. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सिलिंडरच्या सर्वांत वरच्या कप्प्यातून सुटते, मातेबात सर्वांत खालच्या. त्यामुळे नळी खाली उतरलेली आणि तिच्यावर मोठा भरीव भाग दिसतो. त्याच्यापुढे ‘तेच’ लिहायला हरकत नाही.