बीमला भोकं पाडा, पण टोकाशी जपून

प्रश्न : शिरोलीतल्या शेडच्या मेझानीनसाठी (मधल्या मजल्यासाठी) आयएसएमबी ४०० (४०० मिमी खोलीचे आय-आकाराचे पोलादी बीम) नागमोडी कापून, जोडून ६०० मिमी खोलीचे कॅस्टेलेटेड (षटकोनी भोकांचे) बीम केले. लांबी जुळवताना शेवटचं षटकोनी भोक नेमकं क्लीटपाशी (बीमचं टोक बोल्टने जोडणाऱ्या लोखंडी कोनापाशी) आलं. बोल्ट हिशेबात बसतात. चालेल का?

उत्तर : बोल्ट बसले, वेबचं, म्हणजे बीमच्या मधल्या उभ्या पत्र्याचं काय? त्याची जाडी ८.९ मिमी. पोलादाची ताकद २५० मेगापास्कल धरली, तर आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे अखंड ६०० मिमी खोलीला ढोबळमानाने ७०० किलोन्यूटन शिअर (कातरणारा जोर) झेपतो. भोकापाशी वर-खाली १०० मिमीचे दोन टी (इंग्रजी T आकाराचे भाग) उरतात, तिथं जेमतेम २३३. शिवाय भोक ओलांडताना शिअर या टींना वाकवतो, त्यामुळे तेवढेही पुरते हाती लागत नाहीत. आणि टोकालाच शिअर सर्वांत जास्त! ते भोक वेबइतक्या किंवा जास्त जाडीच्या प्लेटने बुजवा, चहूकडून पूर्ण वेल्ड करा, घासून सपाट करा आणि मगच क्लीट लावा. पुढचं भोकही तपासून घ्या. खरं तर नागमोडी कापाची सुरुवात ड्रॉइंगवरच थोडी सरकवली असती, तर दोन्ही टोकांना भरीव वेब मिळालं असतं. कटिंगवाल्याला फक्त लांबी सांगून कामं होतात, तिथं हे हमखास राहतं.

प्रश्न : एसीवाला डक्टसाठी कॉलमलगत चौकोनी भोक मागतोय. म्हणतो, तिथं मोमेंट (बीम वाकवणारा जोर) शून्यच असतो. (गोकुळ शिरगाव)

उत्तर : जोड साध्या क्लीटचा असेल तर मोमेंटचं त्याचं बरोबर आहे, शिअरचं तो विसरला. भार सारखा पसरलेला असेल, तर डक्ट स्पॅनच्या मध्याकडे न्या. तिथला मोमेंट मुख्यतः फ्लँज (बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या) पेलतात, मधल्या वेबचं फारसं अडत नाही. आधारापासून भोकाच्या कडेपर्यंत निदान बीमच्या खोलीइतकं अंतर हवं. कोपरे गोल ठेवा : त्रिज्या वेबच्या जाडीच्या दुप्पट किंवा १६ मिमी, जी मोठी ती. दुय्यम बीम टेकतो, त्याच्या खाली भोक नकोच.

प्रश्न : क्लीटऐवजी बीमचं टोक कॉलमला चारी बाजूंनी वेल्ड केलं तर?

उत्तर : डिझाइनमध्ये तसं धरलं नसेल तर नको. टोक फिरायचं थांबतं, उलटा मोमेंट येतो आणि भोकाखालचा टी जादा दाबात जातो. कॉलमवरही न धरलेला मोमेंट चढतो.

प्रश्न : वरचा फ्लँज खाचून बीम मुख्य बीमला जोडतोय. एम२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टच्या मध्यापासून कड किती अंतरावर हवी?

उत्तर : बोल्टचं भोक २२ मिमी. हाताने गॅसकटिंग केलं असेल तर त्याच्या १.७ पट, म्हणजे ३८ मिमी. करवतीने कापलं असेल तर दीडपट, ३३. कड राखूनही ब्लॉक शिअर तपासाच. फ्लँज गेल्यावर बोल्टांसकट वेबचा तुकडा फाटून निघू शकतो. डक्टचं भोक त्या खाचेजवळ येत असेल, तर दोन्ही एकत्र तपासून घ्या.