वाचकांचे प्रश्न : चहूकडे पाणी, खाली कातळ

प्रश्न : आमचा पाडा धडगाव तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून असलेल्या डोंगरउतारावर आहे. पावसाळा सरता सरता तीन बाजूंना पाणी येतं, ये-जा होडीनंच. हातभर मातीखाली कातळ लागतो. प्यायचं पाणी खालच्या झऱ्याचं. सेप्टिक टँक बांधावी का?

उत्तर : नको. टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. उपसणारी गाडी तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. शिवाय टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात जंतू असतात. ते गाळण्याचं काम माती करते, कातळाची भेग करत नाही. तिच्यातून पाणी सरळ झऱ्यात उतरतं.

तुमच्यासाठी दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा, पण जमिनीवर उचलून घेतलेला. धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत चढतं. त्या रेषेच्या बऱ्याच वर आणि झऱ्याच्या वाटेपासून बाजूला जागा निवडा. पाच माणसांच्या घराला आतून १ मीटर व्यासाचे, सव्वा मीटर खोल दोन खड्डे, मध्ये किमान १ मीटर अंतर. तळ काँक्रीटनं पूर्ण बंद करा. भिंतीत पाणी बाहेर मुरायला ठेवलेली भोकं १२ ते १५ मिलिमीटरच ठेवा, नाहीतर वाळू आत येते. भिंतीबाहेर चारी बाजूंनी ५० सेंटिमीटर बारीक वाळू, तिच्याभोवती मातीचा भराव. एका खड्ड्याला साधारण सव्वा ब्रास वाळू लागते. होडीतून एवढी आणणं जड जाईल, पण इथेच काटकसर केली की झरा नासतो. वाळू मिळणारच नसेल तर राख टाकून वापरायचा, दोन बंद कप्प्यांचा कोरडा संडास करा. त्यात शौचानंतर धुण्याचं पाणी मात्र वेगळ्या नळीनं बाहेर काढावं लागतं.

गवंडी बहुतेकदा चुकतो तो जोडकुंडीत, म्हणजे भांड्याकडून आलेली वाट जिथे दोन खड्ड्यांकडे फुटते त्या छोट्या कुंडीत. दोन्ही तोंडं उघडी राहिली की दोन्ही खड्डे एकदम भरतात, आणि मग उपसायला कोरडा खड्डा उरतच नाही. एक तोंड वीट आणि चिखलानं बंद ठेवा. पहिला खड्डा भरला की तोंड बदला. भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवा, मगच खत काढा. मोरीचं पाणी यात सोडू नका. पाण्याचा पडदा (वाकात साचून वास अडवणारं पाणी) २० मिलिमीटरचा असलेलं भांडं बसवा, म्हणजे दीड-दोन लिटरांत काम भागतं.

प्रश्न : शिंदखेडा तालुक्यात काळ्या जमिनीत मोरीचा शोषखड्डा मे महिन्यात खणला. पाणी भराभर मुरायचं. आषाढात तुंबला. का?

उत्तर : उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते; तुम्ही पाहिलं ते भेगांत शिरणारं पाणी. पाऊस झाला की माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून जागा पारखायची तर आधी जमीन भिजवा. खड्ड्याच्या तळाशी ५ सेंटिमीटर खडी घाला, पाणी भरून रात्रभर ठेवा, मग दुसऱ्या दिवशी २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. अर्ध्या तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा करू नका. तासापर्यंत उथळ, लांब चर चालतात. त्याहून सावकाश असेल तर कर्दळ किंवा केळीचा वाफा करा, आणि वाफ्याआधी तेलकटपणा व खरकटं अडवायला झाकणाची छोटी कुंडी ठेवा. ती आठवड्याला उपसा. कपड्यांच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीला आणखी चिकट आणि बंद करतो, म्हणून कपड्यांचं पाणी एकाच वाफ्यात रोज न सोडता आलटून पालटून दोन वाफ्यांत सोडा.